आज धरून

आबा स्वतःच्या कामासाठी कधी एस.टी.त बसले नाहीत. तरीही ड्रायव्हर-कंडक्टर सोडले तर त्यांच्याइतका एस.टी.चा प्रवास आंबेगाव तालुक्यात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. ते त्यांच्या भावकीचे मुराळी होते. सासरी दिलेल्या लेकीला पंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला माहेरी आणायचं आणि मुक्काम झाला की परत नेऊन घालायचं, हे त्यांचं काम. कुणी नेमलं नव्हतं. शेती दीड एकर, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. "कुणाला सवड नाय ना, मंग मी जातो," म्हणून एकदा गेले आणि पुढे तेच ठरून गेलं. मी एकदा त्यांना समोर बसवून अशा लेकींची यादी काढली. एकतीस झाल्या. आबा म्हणाले, "लेकी मोजायच्या नसत्यात, जावयबापू." मग म्हणाले, "पर बत्तीस हायती. तुमी आशूला धरली नाय."

आशू ही माझी मुलगी. तिची आई त्या एकतिसांतली एक, आबांची चुलत पुतणी. आमचं लग्न सात वर्षं टिकलं आणि आबांचं माझ्याशी असलेलं नातं अठरा वर्षं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आबांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला. जुन्नरला आमच्या दारात सकाळी आठ वाजता उभे. धोतर, टोपी, काखेत छत्री. ती छत्री बारा महिने काखेत असे. स्टँडवर गाडी लागली की लोक जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात; आबा छत्री टाकत. रुमाल उचलून दुसरीकडे ठेवणारे महाभाग असतात, पण आबांच्या छत्रीला हात लावताना मी कुणाला पाहिलं नाही. गर्दीत लेक मागे राहिली तर छत्रीची मूठ तिच्या पिशवीच्या बंदात अडकवून ते तिला ओढून घेत. पावसात मात्र छत्री उघडत नसत. विचारलं तर म्हणत, "उघडली की काड्या ढिल्या व्हत्यात."

त्या दिवशी आईनं चहा पुढे केला तर त्यांनी कपाला हात लावला नाही. "आधी लेक पाठवतो म्हणा, मंग च्या. मुराळी मोकळ्या हातानं माघारी जात नसतो." आई म्हणाली, "पाठवते हो." मग दोन कप प्यायले. मी विचारलं, परत कधी आणणार? "पंधरा दिवसांनी," ते म्हणाले. मी कॅलेंडरवर पंधरावा दिवस मोजून खूण केली. आबा तिला घेऊन आले ते त्याच्या आदल्या दिवशीच. नव्या नवऱ्याला दुसरं काय सुचणार? मला वाटलं, तिला माझ्यावाचून करमलं नाही. ही समजूत मी सात-आठ वर्षं बाळगली.

मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. साखळी, खुंट आणि नकाशा यांतच दिवस जायचा, आणि घरी आल्यावर साखळी खाली ठेवायची असते हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात मारझोड नव्हती, दारू नव्हती, सासुरवास नव्हता. माझ्या बायकोची तक्रार एकच होती आणि ती खरी होती. मी प्रत्येक गोष्ट मोजायचो. भाजीला गेलेली बाई किती मिनिटांनी आली, गॅसची टाकी मागच्यापेक्षा किती दिवस आधी संपली, ती "तुम्ही नेहमी असंच करता" म्हणाली तर नेहमी म्हणजे किती वेळा. भांडणात बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं. घरात एकाचंच रोज बरोबर निघालं तर दुसऱ्यानं राहायचं कुठं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ती म्हणायची, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे मोजणीला उभं राहायचं."

मग एका पौषात आबा दारात आले. पंचमी नाही, दिवाळी नाही. आई म्हणाली, "मी पाठवते, तुम्ही चहा घ्या," तरी त्यांनी कप तसाच ठेवला. आईनं विचारलं, "किती दिवसांसाठी?" आबा छत्रीच्या टोकाकडे बघत राहिले. "त्ये म्या ठरवायचं नाय," म्हणाले. आशू पाच वर्षांची होती. मामाच्या गावाला जायचं म्हणून तिनं स्वतःच चपला घातल्या होत्या. मी बायकोला काय म्हणालो ते मला नेमकं आठवतं. मी म्हणालो, "सव्वादहाची गाडी आहे, पावणेदहाला निघा."

वर्षभर कोर्टात चकरा झाल्या. शेवटी दोन्ही वकिलांनी बसून तडजोड लिहिली आणि कोर्टानं त्या तडजोडीवर हुकूम दिला. आशू आईकडे राहील. दर पंधरा दिवसांनी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ती वडिलांकडे असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवसही वडिलांकडे. मुलीला मामानं किंवा घरच्या मोठ्या माणसानं नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर आणून द्यायचं आणि तिथूनच परत घ्यायचं. आणि शेवटचं कलम असं, की वडील लागोपाठ तीन भेटींना आले नाहीत तर भेटी बंद करण्यासाठी आईला अर्ज करता येईल. ते कलम वाचून मी मनात हसलो होतो. मी आणि चुकणार?

मामाला ट्रॅक्टरच्या कामातून वेळ नव्हता, म्हणून पहिल्या भेटीला आशूला घेऊन आबा आले. भेट शनिवारी झाली. घरी येऊन मी पंधरा दिवस मोजले, रविवार आला. रविवारी साडेदहापासून पाचपर्यंत मी स्टँडवर बसलो. कुणी आलं नाही. तिथून पुढे पंधरा मोजले, सोमवार आला. रजा टाकून पुन्हा बसलो. पुन्हा कुणी नाही. वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, तिकडचे लोक हुकूम मोडतायत, अर्ज टाकू. त्याच आठवड्यात तिकडच्या वकिलांचं पत्र आलं, की वडील दोन भेटींना गैरहजर राहिले आहेत, तिसरीला राहिले तर अर्ज करू. असला धडधडीत खोटेपणा पाहून माझं डोकं फिरलं. मी स्टँडवर बसल्याची चार माणसं साक्षीला देऊ शकत होतो.

त्यानंतरच्या बुधवारी मी कामावरून आलो तर आबा ओट्यावर. एकटेच.

"आशू कुठंय?"

"तिकडंच. आज मी मोकळाच आलोय. असं पयल्यांदा झालं." आईनं ठेवलेला चहा शेजारी निवत होता. "जावयबापू, दोन खेपा पोरगी स्टँडावर बसली. पिशवी मांडीवर घिऊन. भेळ नको म्हणली, रसवंतीवर चल म्हणलं तर नको. मी तिकडं गेले आन बाबा आला तर, म्हणली. पाचच्या गाडीनं माघारी नेली."

"दोन खेपा मी बसलो," मी म्हणालो. "सहा-सहा तास. तुमच्याकडून कुणी फिरकलं नाही."

"कवा बसला?"

मी वही काढली. "पहिली भेट शनिवारी. तिथून पंधरा दिवस म्हणजे रविवार. तिथून पंधरा म्हणजे सोमवार. पुढची येत्या मंगळवारी."

आबांनी वही हातात घेऊन पाहिली. ते हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावरचे उपकार. "सोमवारी पोरीची शाळा असती," एवढंच म्हणाले.

"ते माझ्या लक्षात आलं होतं. त्यासाठी वेगळा अर्ज करणार होतो."

"आठवड्याचा बाजार किती दिवसांनी भरतो?"

"आठ दिवसांनी." सगळेच म्हणतात, मीही म्हणालो.

"आज रविवारी भरला, मंग पुन्यांदा?"

"रविवारी."

"मोजा."

मी बोटांवर मोजलं. सात आले. परत मोजलं.

"आज धरून मोजा," आबा म्हणाले. "आज धरून आठ. आज धरून पंधरा. शनवार ते शनवार. आमी आजचा दिवस टाकत नसतो, जावयबापू. आज काय फुकट गेला का?"

मोजणीतल्या माणसाला याहून खाली मान घालायला लावणारी गोष्ट नाही. कुंपणाला खुंट अकरा असतात तेव्हा मधल्या जागा दहा असतात, हे आम्ही नव्या शिपायाला पहिल्याच दिवशी शिकवतो. आबांची माणसं खुंट मोजत होती, मी जागा मोजत होतो. दोघंही बरोबर होतो, आणि दोघांच्या बरोबर असण्यात सहा वर्षांची पोर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आणखी एक गोष्ट तिथेच माझ्या ध्यानात आली. पहिल्या पंचमीला माझी बायको एक दिवस आधी आली नव्हती. ठरल्या दिवशीच आली होती.

मी म्हणालो, "कागदात दुरुस्ती करून घेऊ. पंधराऐवजी चौदा लिहू."

"चौदा लिवू नका. चौदा वर्सं वनवास असतो. पोरीच्या कागदात ते कशाला?"

मग त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांची थोरली बहीण घाटघरला दिली होती. एका पंचमीला घरात भातलावणीची घाई होती, बाप म्हणाला, यंदा मुराळी नको, पुढच्या साली बघू. निरोप काही पोचला नाही. बहीण बोचकं बांधून दिवसभर दारात बसली आणि जावा हसल्या. "पुढच्या साली मी गेलो आणायला. आली नाय. त्याच्या पुढच्या सालीबी नाय. म्हणली, आता मला सवय झाली." आबांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "पोरगी दोन डाव बसली, जावयबापू. तिसऱ्यांदा बसली तर तिला सवय व्हईल."

मी म्हणालो, "शनिवारी येतो." तेव्हा कुठे आबांनी तो गार झालेला चहा घेतला. आई गरम करून देत होती, पण त्यांची गाडी होती.

शनिवारी मी अकराला वीस मिनिटं असताना पोचलो. आबा माझ्याआधी तिथे. आयुष्यभर ते कुठेही वेळेवर पोचले नाहीत, कायम आधीच पोचले. आशूचा हात त्यांच्या हातात होता. मी पुढे झालो तरी हात सोडेनात. "मिळाली म्हणा," म्हणाले. मी म्हणालो, "मिळाली." मग सोडला. पाच वाजता मी हात पुढे केला की ते स्वतः मोठ्यानं म्हणत, "मिळाली." फलाटावरची माणसं वळून बघत, कुणाचं काय हरवलं होतं म्हणून.

मी अर्थातच वही ठेवली होती. तारीख, आल्याची वेळ, दिल्याची वेळ, सही. आबांना सही येत होती, पण ते ती कोरून काढत. नावातलं एकेक अक्षर, मग वरची रेघ, मग रेघ वाकडी झाली म्हणून पुन्हा. एका सहीला चार मिनिटं लागत. मी एकदा बोललो, की माझ्या सहा तासांतली चार मिनिटं यात जातात. आबांनी लेखणी थांबवली. "मंग आंगठा उठवू का? पर त्याला शाई लागंल, शाईला पुसायला फडकं लागंल." मी वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. त्यात आणखी दोन मिनिटं गेली होती.

त्या सहा तासांचा मी तक्ता केला होता. नारायणगावहून घरी यायला चाळीस मिनिटं, जेवण अर्धा तास, मग पाढे, मग शुद्धलेखन, मग आजीशी गप्पा वीस मिनिटं, मग परत. बापाची छाप पडायला वेळ थोडा, तो वाया जाता कामा नये, असा माझा विचार. आबा सुरुवातीला सहाही तास स्टँडवरच बसून राहत, कारण घरी जाऊन परत येणं दोन गाड्यांचं काम होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आशूनं हट्ट केला, "आबा पण." तेव्हापासून ते आमच्याकडे येऊन ओट्यावर बसू लागले आणि माझा तक्ता त्यांच्या नजरेस पडला. पाढे चालू असताना ओट्यावरून आवाज आला, "आज शनवारची शाळा सकाळची असती का जावयबापू?"

"घरी बसवलंय, शाळा नाही."

"आसं का? मला वाटलं, पोरगी एका शाळंतनं सुटून दुसऱ्या शाळंत आली."

आशू खुदकन हसली. वर्षभरात ती माझ्या घरात पहिल्यांदा हसली, आणि तेही माझ्यावर. पुढच्या खेपेला मी तक्ता केला नाही. मी आणि आशू, दोघंही काय करावं ते न सुचून बसलो. थोड्या वेळानं ती माझी साखळी अंगणात ओढून आजीच्या तुळशीपासून दारापर्यंत मोजायला लागली. कुठल्याही कागदावर न लिहिलेली ती पहिली भेट.

आबांना एक वाईट खोड होती. ते खोटं बोलत. सराईतपणे नाही, पण नेमानं. आले की सांगत, "आशूची आई इचारत व्हती, तब्येत कशीय." मी म्हणे, बरी आहे. तिकडे जाऊन सांगत असणार, "जावयबापू इचारत व्हते." मी विचारलेलं नसे आणि तिनंही नसे. हे मी पकडलं ते असं. एकदा म्हणाले, "तुमचा खोकला कसाय म्हणून इचारत व्हती. मागच्याच सोमवारी म्हणली." मी वही पाहिली नाही, पण मला पक्कं ठाऊक होतं की खोकला बुधवारी सुरू झाला होता. तसं मी म्हणालो.

आबा जराही डगमगले नाहीत. "खोकला येणारच व्हता. तिनं आधी इचारून ठेवलं."

एकदा गाडीत कंडक्टरनं त्यांना माझ्याकडे बोट करून विचारलं, हे तुमचे कोण? "आमचे जावई." आणि ही पोर? "आमच्या लेकीची लेक." मग लेक कुठंय? "ती घरी." कंडक्टर ओळखीचा होता, त्याला कुणकुण असावी. तो म्हणाला, "पण आबा, ते तर कोर्टात..." आबा म्हणाले, "कोर्टानं त्या दोघांचं काय ते केलं. माझ्या जावयाचं नाव कागदात कुठंच नाय. तू तिकीट फाड."

आशू नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं घाटघरला गेलो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला बांधाला खांब किती लागतील ते हवं होतं. आबांनी येतो म्हटलं याचंच मला नवल वाटलं, कारण बहिणीनंतर ते तिकडे गेले नव्हते. मी साखळी धरली, आशू खुंट ठोकत गेली. शेवटी ओरडली, "बाबा, खुंट अकरा झाले, पण मधली घरं दहाच!" मी समजावून सांगायला तोंड उघडलं. आबा सावलीतून म्हणाले, "दोन्ही बरोबर हाय. तुझ्या बापाला इचार, त्याला ते समजायला दोन खेपा लागल्या." परतताना एका घराशी ते थांबले. दाराला कुलूप होतं. "इथंच बसली व्हती," म्हणाले आणि पुढे चालू लागले. आशूनं जाऊन त्यांची छत्री हातात घेतली. त्यांनी ती दिली. छत्री त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलेली मी तेव्हा प्रथम पाहिली.

आशू तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचा मामा म्हणाला, आता ती एकटी जाईल, आबांचं वय झालं. आबांना मोतीबिंदू होता, गुडघे धरले होते. त्यांनी उत्तर दिलं, "लेक एकटी जाईल. मुराळी कुठं जाईल?" आणि येत राहिले. फक्त आता गाडीतून आधी आशू उतरे, मग छत्री, मग तिचा हात धरून आबा. मी हात पुढे केला की ती हसून म्हणे, "मिळाले म्हणा." मी म्हणे, "मिळाले." आबा चिडत. "उलटं नका करू. कागदात तसं नाय." वहीतली सहीही तिच्याकडे गेली. तिला चार सेकंद लागत. ती चार मिनिटं मला परत मिळाली, आणि त्यांचं काय करावं ते मला कळेना.

आशू सोळा वर्षांची असताना एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. घरोघरी मोबाईल झाले होते. "बाबा, आबा गेले. सकाळी ओट्यावर बसले होते, तसेच." मी विचारायला नको ते विचारलं, कारण मला तेवढंच सुचत होतं. "दहावा कधी?"

"मामा सांगतील. मला कळत नाहीये."

फोन ठेवून मी बोटांवर मोजलं. पूर्वीचा मी रविवार काढला असता आणि घाटावर सारवलेली जागा बघून परत आलो असतो. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन. दहावा शनिवारी येत होता, आणि तो आमचाच शनिवार होता.

त्या शनिवारी नारायणगावला न उतरता मी पुढे गेलो. मंचर, घोडेगाव आणि तिथून त्यांचं गाव. अकरा वर्षांत मी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. घोड नदीच्या घाटावर माणूस मावत नव्हतं. मला आधी वाटलं, कुणी पुढारी गेला की काय. मग पाहिलं, तर सगळीकडे बायकाच बायका. चाळिशीच्या, साठीच्या, एक तर काठी टेकत आलेली. एकतीस मोजाव्यात असं मनात आलं, पण मोजल्या नाहीत. त्या एकमेकींना विचारत होत्या, तुला शेवटचं कधी नेलं आबांनी?

मी कडेला उभा होतो. मामा आला, मान हलवली. पिंड ठेवला. कावळा शिवेना. कुणी म्हणालं, दीड एकराची काळजी आम्ही घेतो. नाही. कुणी म्हणालं, पंचमीला एकाही लेकीला विसरणार नाही. बायका डोळे पुसायला लागल्या, पण कावळा पलीकडच्या उंबरावर. मग मामा पुढे झाला, माझ्याकडे न बघता हात जोडून म्हणाला, "आबा, आशूची खेप चुकणार नाय." मी कोर्टाच्या कागदावर बऱ्याच सह्या पाहिल्या आहेत. याहून पक्की पाहिली नाही.

कावळा आला तेव्हा मी सवयीनं घड्याळ पाहिलं. अकराला पाच मिनिटं होती. कावळ्याच्या वेळेबद्दल माझं काही मत नाही. पण आबा असते तर तेवढ्यालाच पोचले असते.

दुपारी पंगत झाली. आशू माझ्याबरोबर नदीवर बसली, घाटावर फिरली, बोलली कमी. पाचला दहा कमी असताना ती मला गावच्या थांब्यावर सोडायला आली. तिची आई थोडं मागून येत होती. मला वाटलं, आशूला परत न्यायला येत असेल. कागदाप्रमाणे पाच वाजता मुलगी परत द्यायची होती आणि घ्यायला आबा नव्हते. गाडी लागली. गर्दी होती. आशूनं काखेतली छत्री काढली, खिडकीतून आत सीटवर टाकली आणि म्हणाली, "जा, धरलीय जागा."

मी बसलो आणि खिडकीतून छत्री परत दिली. तोवर तिची आई जवळ आली होती. अकरा वर्षांत आम्ही वकिलांशिवाय बोललो नव्हतो. तिनं आशूचा हात हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिळाली." मग, "पुढच्या खेपेला मी येते नारायणगावला. पंधरा दिवसांनी."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आज धरून."

गाडी निघाली. मी मान हलवली, पण माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला होता. आशूनं ते खालून पाहिलं. गाडीबरोबर चार पावलं चालत ती म्हणाली, "बाबा, मोजू नका. शनिवारच येतोय."